पाचवा कोपरा

शंकरपाळ्याला चार बाजू असतात हे अख्ख्या वऱ्हाडाला माहीत आहे. त्या चारही सारख्या असाव्यात हे मात्र फक्त खुशालराव भुयार सरांना माहीत होतं. गंमत अशी, की सुभद्राबाईंच्या हातचे शंकरपाळे तीस वर्षं खाताना त्यांनाही ते कधी आठवलं नाही. आठवलं ते नेमकं अकोल्याचे पाहुणे त्यांच्या आकांक्षाला पाहायला अमरावतीत आले तेव्हा.

तोवर सगळं छान चाललं होतं. मुलगा पियुष कमी बोलणारा होता, पण समोरचा बोलला की ऐकत होता, आणि हल्ली एवढंही कुठे मिळतं? आकांक्षा नांदगाव पेठेला एका कापड कारखान्यात माल तपासायच्या कामावर आहे. आधीची तीन स्थळं तिनं खोट असलेल्या ठाणासारखी परत पाठवली होती. यावेळी ती चहाचा ट्रे ठेवून आत आली आणि आईच्या कानात "चालते" म्हणून गेली. सुभद्राबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाहेर पियुषची आजी मनकर्णाबाई बशीतले शंकरपाळे निरखत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, दात मोजून तीन, पण नजर अशी की सुईत दोरा अजून स्वतः ओवायच्या. त्यांनी दोन शंकरपाळे उचलले, एकावर एक ठेवले, खिडकीच्या उजेडाकडे धरले आणि म्हणाल्या, "चवीले बेस हायेत व इवईनबाई. पण एकाचं तोंड दुसऱ्याले मिळत नाई."

सगळे हसले. सुभद्राबाईही हसल्या. हसले नाहीत ते फक्त सर. दर्यापूरच्या शाळेत चौतीस वर्षं ज्या माणसानं फळ्यावर हातानं काढलेलं वर्तुळ पोरं कंपास लावून तपासायची आणि तोंडात बोट घालायची, त्या माणसाच्या घरात, त्याच्या देखत, एका कोपऱ्याला दुसरा कोपरा मिळू नये? सर उभे राहिले. घसा खाकरला. सुभद्राबाईंनी खालून धोतर ओढलं असतं, पण सर पँट घालतात.

"आजी," सर म्हणाले, "साक्षगंधाला मी पाचशे एक शंकरपाळे घेऊन येईन. त्यातला कोणताही उचला, कोणत्याही दुसऱ्यावर ठेवा. कोपऱ्याला कोपरा मिळेल. नाही मिळाला, तर तुमच्या घरची शेला-टोपी मी घेणार नाही."

आता शेला-टोपी म्हणजे काय हे ज्याला कळत नाही त्यानं आमच्याकडच्या कार्याला येऊच नये. मांडवात मानाची म्हणून दहा रुपयांची टोपी आणि मीटरभर कापड गळ्यात पडलं नाही म्हणून सख्ख्या भावाशी वीस वर्षं न बोललेली माणसं वलगावात बसली आहेत. आणि इथे तर खुद्द मुलीचा बाप भर मांडवात शेला-टोपी नाकारणार! म्हणजे साखरपुड्यातच, नातं जुळायच्या आधी रुसवा. पाहुणे गेल्यावर आकांक्षा बापासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मले तो पसंत हाय," ती म्हणाली. "तुमच्या कोपऱ्यापायी काही इकडचं तिकडं झालं ना, तर पाहा."

"काही होत नाही," सर म्हणाले. "भूमिती आहे. भूमितीत अंदाज नसतो."

"अवो, पण ते कणीक हाय!" सुभद्राबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी पोळपाटावर पट्टी, कोनमापक आणि टोकदार पेन्सिल घेऊन पहिली पोळी आखली. चाळीस मिनिटांत अकरा शंकरपाळे झाले. तोवर कणीक वाळून कडक झाली होती आणि पेन्सिलीचं शिसं पोळीत उतरलं होतं. शेजारचे वामनराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. ज्या विषयातलं काही कळत नाही त्या विषयात सल्ला देण्यात त्यांचा हात धरणारा साईनगरात कुणी नाही. कुंपणावरून पाहून ते म्हणाले, "हातानं नाई होत हे सर. साचा करा, लोखंडी. एक ठोका अन् चाळीस शंकरपाळे. कारखान्यात कसं करतेत?" कारखान्यात कसं करतात हे वामनरावांनी कधी पाहिलेलं नव्हतं, पण सरांना ते पटलं.

आकांक्षाच्या कारखान्याच्या रस्त्यावर नितेशचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रिल, जिने, गोठ्याच्या जाळ्या, सगळं तो करतो. सरांनी त्याला आलेखाच्या कागदावर शाईनं काढलेली आकृती दिली: समभुज चौकोन, दोन लघुकोन, दोन विशालकोन, भुजा २.५. खाली सही आणि तारीख.

"कोपरे टोकदार पाहिजेत," सर म्हणाले.

"टोकदार म्हंजे? वरून भाला लावू का?" नितेशनं विचारलं. तो गेटवाला माणूस, त्याच्यासाठी टोकदार म्हणजे चोर चढू नये म्हणून लावतात ते.

खरं सांगायचं तर या एका शब्दानं सरांना आयुष्यभर सतावलं आहे. शाळेत मुख्याध्यापक त्यांच्या जिभेला टोकदार म्हणायचे. सासुरवाडीचे नाकाला म्हणायचे. सुभद्राबाई तर लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून म्हणत आल्या आहेत की या माणसाच्या स्वभावालाच टोकं आहेत, जवळून गेलं की काहीतरी लागतंच. सरांच्या मते टोकदार म्हणजे नव्वद अंशांपेक्षा लहान कोन, बस. बाकीचं लोकांनी वाढवून ठेवलं आहे.

चार दिवसांनी साचा आला. दोन माणसांनी रिक्षातून उतरवला. सरांनी पोळीवर दाबला आणि जो शंकरपाळा निघाला तो तळव्यावर मावेना. झालं असं, की सरांनी अडीच लिहिलं ते सेंटिमीटर. आणि नितेशच्या दुकानात जन्मापासून सगळं इंच आणि सुतात चालतं. सेंटिमीटर ही गोष्ट त्यानं दहावीच्या पेपरासोबत सोडून दिली होती. अडीच इंची शंकरपाळा तळून निघाला तेव्हा फुगून उशीसारखा झाला. वामनरावांनी एक खाल्ला आणि दुपारचं जेवण केलं नाही.

सर तणतणत नितेशकडे गेले.

"सर, तुमी कागदावर एकक लिवलंच नाई," नितेश शांतपणे म्हणाला.

चौतीस वर्षं ज्या चुकीसाठी त्यांनी पोरांचा अर्धा मार्क कापला, तीच चूक त्यांनी स्वतः, शाईनं, सही करून केली होती. हा घाव त्यांना फार लागला. घरी येऊन ते दोन पेले पाणी प्याले.

दुसरा साचा बरोबर आला. वीस किलो वजन, चाळीस खाने, खालून पात्यांना धार. पण आता नवंच प्रकरण निघालं. कच्चे शंकरपाळे कोनमापकाला तंतोतंत उतरत. कढईत पडले की मात्र आपापल्या मनाचे होत. कुणी पोट काढी, कुणी कमरेत वाके. एकाच आईच्या पोटी जन्मलेली भावंडं तरी सारखी निघतात का? पण सर ऐकेनात. मागच्या गल्लीतल्या दुर्गाबाई म्हणाल्या, मोहन कमी घाला. मोहन कमी घातलं, शंकरपाळे दगड झाले. वामनराव म्हणाले, काट्यानं टोचा. टोचले, तेल प्याले. शेवटी सुभद्राबाईंनी सरांना स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर खुर्चीवर बसवलं, कणीक स्वतः भिजवली, मंद आचेवर तळले आणि घाणा बाहेर पाठवत राहिल्या. "माप तुमचं, हात माझा," त्या म्हणाल्या. "आता आत पाय टाकला तर झारा हाणीन."

सरांनी बाहेर तपासणी केंद्र उघडलं. आकांक्षा रजा घेऊन मदतीला बसली.

"बाबा, आमच्या कारखान्यात शंभरात दोन खराब चालतेत," ती म्हणाली.

"तुमच्याकडे चालतात," सर म्हणाले. "मी शब्द दिलाय."

पंधरा दिवसांत चौदाशे शंकरपाळे तळले गेले. पाचशे एक पास झाले. नापासांचं काय करायचं हा प्रश्न गल्लीनं सोडवला. दूधवाला, पेपरवाला, गॅसवाला, वामनरावांचे पाहुणे, वामनरावांच्या पाहुण्यांचे पाहुणे, सगळे नापास शंकरपाळे खाऊन सरांच्या कडक धोरणाची तारीफ करत होते. मार्क कापण्यानं एवढी माणसं खूश झाल्याचं सरांनी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं.

आता बांधाबांध. इथे सरांची प्रतिभा कळसाला पोचली. समभुज चौकोन एकाला एक लावत गेलं तर मधे तसूभर जागा उरत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी साड्यांचे मोठे खोके आणले आणि शंकरपाळे फरशी बसवावी तसे थरावर थर असे बसवले, की बोट घालायला फट नाही.

"जरा हवा ठेवा की मधात," सुभद्राबाई म्हणाल्या.

"हवा ठेवली की हलतात. हलले की तुटतात. हे हलूच शकत नाहीत," सर म्हणाले. आणि खोटं का बोला, ते खरोखर हलत नव्हते.

साक्षगंधाच्या दिवशी सकाळी आठला क्रूझर गाडी निघाली. एप्रिलचं ऊन आठलाच डोक्यावर बसलं होतं. गाडीत सर, सुभद्राबाई, नटलेली आकांक्षा, वामनराव आणि सात नातेवाईक. मागे खोके, आणि चादरीत गुंडाळलेला साचा. साचा कशाला? तर पुरावा म्हणून. हातानं कापले, निवडून आणले, असं कुणी म्हणायला नको. साक्षगंध साडेबाराला होतं. अमरावती-अकोला दोन तासांचा रस्ता. सरांनी अडीच तास हातचे ठेवले होते.

ते अडीच तास मूर्तिजापूरच्या अलीकडे खर्ची पडले. निवडणुकीचे दिवस. रस्त्याच्या कडेला मंडप, टेबल, खुर्च्या, एक व्हिडिओवाला, पथकाच्या प्रमुख एक मॅडम आणि देवमन नावाचा हवालदार. देवमननं गाडीचं मागचं दार उघडलं, चादर बाजूला केली आणि दोन पावलं मागे सरला.

"हे काय हाय?"

"साचा आहे," सर म्हणाले.

"धार पाहा साहेब, बोट कापते!" वामनराव उत्साहानं म्हणाले. त्यांना वाटलं, कारागिरीचं कौतुक चाललं आहे.

सगळ्यांना खाली उतरवलं. साचा टेबलावर आला. मग खोके आले. एक उघडला, दुसरा उघडला. मॅडमनी विचारलं, "किती आहेत हे?"

"पाचशे एक. सगळे एकसारखे," सर अभिमानानं म्हणाले. असं उत्तर निवडणुकीच्या नाक्यावर देऊ नये, हे कुणीतरी सरांना शिकवायला हवं होतं.

देवमननं एका शंकरपाळ्याकडे पाहिलं. मग मंडपाच्या खांबाला टांगलेल्या उमेदवारांच्या यादीकडे पाहिलं. पुन्हा शंकरपाळ्याकडे. यादीत शेवटून तिसरा एक अपक्ष होता, त्याची निशाणी हिरा. "मॅडम," देवमन दबक्या आवाजात म्हणाला, "हे हिरे हायेत."

म्हणजे केस अशी उभी राहिली: मतदारांना वाटायला निशाणीच्या आकाराची मिठाई, पाचशे एक नग, आणि आणखी पाडायला यंत्र सोबत. व्हिडिओवाल्यानं कॅमेरा सुरू केला. आकांक्षानं कपाळावरची बिंदी सारखी करत डोळे मिटून घेतले. तेवढ्यात तिचा फोन वाजला, पियुषचा. "कुठवर आले?" तो विचारत होता. "नाक्यावर," आकांक्षा म्हणाली. "बाबा आकृती समजावून सांगून राहिले." मग तो म्हणाला, "सांगू दे, होते आरामात. मी इकडं सांभाळतो." आकांक्षाला तो तेव्हा आणखीनच आवडला.

इकडे सरांच्या अंगात शाळा संचारली होती. "मॅडम, हिरा आणि हा शंकरपाळा यांत काडीचा संबंध नाही. हे पाहा." त्यांनी पेन्सिलीनं टेबलावरच्या कागदावर दोन आकृत्या काढल्या, हातानं, आणि रेषा अशा सरळ की देवमन वाकून पाहायला लागला. "निशाणीतल्या हिऱ्याला वर सपाट पाठ आहे. मोजा कोपरे. एक, दोन, तीन, चार, पाच. आता शंकरपाळा. एक, दोन, तीन, चार. संपला. पाच कोपऱ्यांचा असेल तर हिरा. चार कोपऱ्यांचा असेल तर शंकरपाळा."

मॅडमनी दोन्ही आकृत्या नीट पाहिल्या. त्या कामात चोख बाई होत्या आणि चोख माणसाला मुद्दा पटतो. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "देवमन, पंच बोलवा. प्रत्येक नग तपासा. चार कोपरे असले तर सोडा, पाच असले तर नोंद करा."

सरांचा चेहरा फुलला. शंकरपाळ्यांचा कोपरा न् कोपरा सरकारी देखरेखीखाली तपासला जाणार! पंच म्हणून पलीकडचा टरबूजवाला आणि एक ट्रॅक्टरवाला आले. टरबूजवाल्यानं पहिल्या थरातून पहिला शंकरपाळा काढायला हात घातला. निघेना. मधे फटच नव्हती. त्यानं नखानं उचकटला. शंकरपाळा निघाला, पण शेजाऱ्याचं टोक घेऊन निघाला.

देवमननं तो शेजारी उचलला, मोजला, पुन्हा मोजला आणि ओरडला, "मॅडम, याले पाच कोपरे हायेत!"

सरांनी स्वतः मोजले. पाचच. चौकोनाचा एक कोपरा तुटला की त्याच्या जागी दोन होतात. चार वजा एक बरोबर पाच. हे गणित सातवीच्या पोरांना कोडं म्हणून ते स्वतःच घालायचे. आता त्यांचेच टोकदार शंकरपाळे त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक करून हिरे होऊ लागले. जितके तपासावेत तितके तुटत, आणि जितके तुटत तितका संशय वाढे.

"दादा, हळू काढ ना, माझं साक्षगंध हाय," आकांक्षा टरबूजवाल्याला म्हणाली. मग तीच पुढे झाली, पदर खोचला, खोका तिरपा करून एकेक थर खाली घसरवायला लागली. तुटणं थांबलं. हात सवयीचा होता तिचा. नगावर नग ठेवून पाहत तासाभरात मोजणी संपली: चारशे चौसष्ट चार कोपऱ्यांचे, सदतीस पाच कोपऱ्यांचे.

"या सदतीसचं काय करायचं?" देवमननं विचारलं.

मॅडमनी नियमांची पुस्तिका चाळली. पाच कोपऱ्यांच्या शंकरपाळ्यांबद्दल तीत काही नव्हतं. "नष्ट करा," त्या म्हणाल्या आणि साच्याची पावती लिहायला वळल्या. मग पंच, देवमन, व्हिडिओवाला, वामनराव आणि मागे खोळंबलेल्या दोन ट्रकांचे ड्रायव्हर, यांनी चहाबरोबर ते सदतीस नग जागच्या जागी नष्ट केले. टरबूजवाला म्हणाला की असे शंकरपाळे त्यानं बापजन्मात नष्ट केले नव्हते. सुभद्राबाईंनी कृती सांगितली.

पंचनाम्यावरून आणखी वीस मिनिटं गेली, कारण देवमननं "तिरपे चौकोन" लिहिलं होतं आणि सर म्हणाले, असा आकारच नसतो. मग "टोकदार" लिहिलं. मॅडम म्हणाल्या, टोकदार लिहिलं तर हत्यार होतं आणि मग शंकरपाळे जप्त करावे लागतात. शेवटी सरांनी सांगितलं आणि देवमननं जीभ बाहेर काढून मन लावून लिहिलं, आणि एक प्रत घडी करून सरांनी खिशात ठेवली. साचा निवडणूक होईपर्यंत पथकाकडे राहिला. सुभद्राबाईंना आतून इतका आनंद झाला की त्यांनी मॅडमना लग्नाचं बोलावणंही देऊन टाकलं.

बाराला दहा कमी असताना गाडी सुटली. पुढे ड्रायव्हरनं जी हाणली, ती अकोल्यातले सगळे गतिरोधक अंगावर घेत कार्यालयाच्या दारात थांबवली. आणि आता खोक्यांत पंचांनी भरलेले शंकरपाळे होते. त्यांच्यात सुभद्राबाईंना हवी होती तेवढी हवाच हवा होती. प्रत्येक दणक्याला मागून खडखड आवाज यायचा आणि सर डोळे मिटायचे.

साक्षगंध झालं. कुंकू लागलं, अंगठ्या झाल्या, साखर वाटली. पियुष आणि आकांक्षा एकमेकांकडे पाहून हसले आणि दोन्हीकडच्या बायका त्यांना हसल्या. मग शेला-टोपीची ताटं आली. पियुषचे वडील टोपी हातात घेऊन सरांपुढे उभे राहिले. सर मागे सरले.

"थांबा इवाई," ते म्हणाले. "आधी खोका."

खोका उघडला. आत चुरा होता. पाच कोपऱ्यांचे, सहा कोपऱ्यांचे, कोपरेच नसलेले. वर एक साबूत होता, तो उचलायला गेले तर हातात दोन आले. सरांनी टोपी हातानं बाजूला केली. "शब्द म्हणजे शब्द," ते म्हणाले. "मी शेला-टोपी घेत नाही. तुम्ही राग मानू नका. चूक माझी आहे."

मांडवात कुजबुज सुरू झाली. सुभद्राबाईंनी तोंडाला पदर लावला. पियुषच्या वडिलांना टोपी पुढे करावी की मागे घ्यावी कळेना. तेवढ्यात आकांक्षा पाटावरून उठली. नवरीनं असं उठू नये म्हणतात, ती उठली. तिनं बापाच्या खिशातून घडी केलेला कागद ओढला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली. "'सदर नग चार कोपऱ्यांचे असून चारही भुजा समान आहेत. पंचांनी नगावर नग ठेवून खात्री केली असता कोपऱ्यास कोपरा मिळून आला. असे चारशे चौसष्ट नग. पाच कोपऱ्यांचे सदतीस नग पंचांसमक्ष नष्ट करण्यात आले.' खाली दोन पंचांच्या सह्या हायेत अन् हवालदार साहेबांची हाय. आजी, माझे बाबा शब्दाचे पक्के हायेत. शंकरपाळे रस्त्यात तुटले, शब्द नाई तुटला."

मांडव फुटला. हसणं म्हणजे असं, की भटजींनी पंचनामा मागून घेऊन पुन्हा वाचला. मनकर्णाबाई हसल्या नाहीत. त्या काठी टेकत उठल्या, सरांपाशी आल्या, खोक्यातला चिमूटभर चुरा तोंडात टाकला आणि तो विरघळेपर्यंत सगळ्यांना थांबवून ठेवलं.

"मास्तर, मी बोलली म्हून तुमी एवढं केलं?"

"तुम्ही खोट काढली होती, आजी."

"माय वं!" मनकर्णाबाईंनी कपाळावर हात मारला. "मी पोराची आजी. चार घरं पाहून आली, सगळीकडं एकेक खोट काढली. तुमच्या घरी पोरीत खोट सापडली नाई, घरात सापडली नाई, तुमच्या बायकोच्या बोलण्यात सापडली नाई. काहीच न बोलता उठली असती तर गावात म्हणले असते, म्हातारी आता थकली. समोर शंकरपाळे होते. त्यायले बोलली."

वीस किलोचा साचा, चौदाशे शंकरपाळे, पंधरा दिवस, पंचनामा. आणि मूळ गोष्ट काय, तर त्यांच्या पोरीत खोट सापडली नव्हती. त्यांनी आकांक्षाकडे पाहिलं. तिच्या हातात अजून पंचनामा होता. सरांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत, भर मांडवात, खुशाल रडले. मनकर्णाबाईंनी ताटातली टोपी स्वतःच्या हातानं उचलली आणि सरांनी मान खाली केली. शेला गळ्यात पडला, वाजंत्री वाजली, आणि सुभद्राबाईंनी हसत नाक पुसलं.

"अन् लग्नाले काही आणाचंच असन मास्तर," मनकर्णाबाई म्हणाल्या, "तर लाडू आणजा. लाडवाले कोपराच नसते. भांडण नाई, तुटणं नाई."

"लाडू," सर म्हणाले. त्यांनी डोळे पुसले. मग त्यांचा हात हळूच खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. "म्हणजे गोल. म्हणजे सगळीकडून त्रिज्या सारखी आली पाहिजे..."

"अवो!" सुभद्राबाईंनी भर मांडवात पेन्सिल हिसकावून घेतली.